परदेशात फोन चोरीला गेला, दीड दिवस घराशी संपर्क नाही: मनाचं काय होतं आणि पुढे काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी एकतीस वर्षांची, पुण्यात आयटीत नोकरीला. गेल्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकटीच इटलीला गेली होती. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर गर्दीत फोन गेला, आणि ते कळलं गाडीत बसल्यावर. फ्लोरेन्सला उतरली तर हॉटेलचं नाव आठवेना. छातीत धडधड, हाताला आणि ओठांना मुंग्या, ‘आता मी इथेच कोसळणार’ असं वाटलं. हॉटेल कसंबसं सापडलं. रिसेप्शनवरच्या माणसाने फोन पुढे केला, पण घरातला एकही मोबाइल नंबर पाठ नव्हता. हॉटेलच्या कॉम्प्युटरवरून ईमेल उघडायला गेली तर खातं म्हणालं, तुमच्या फोनवर आलेल्या सूचनेला ‘हो’ म्हणा. फोन तर चोराकडे. शेवटी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लहानपणी पाठ झालेला काकांचा लँडलाइन नंबर आठवला आणि निरोप पोहोचला. इकडे आईने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता. या गोष्टीला आता चार महिने झालेत. बॅगेत फोन हाताला लागला नाही की तिच्या छातीत अजून तसंच होतं, आणि आई लाइव्ह लोकेशन बंद करू देत नाही. मे महिन्यात पोर्तुगालचं तिकीट काढलंय. ती विचारते: मला काही मानसिक आजार झालाय का, आणि मी जावं की न जावं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: जा. तिकीट रद्द करू नका. का ते पुढे येईलच.

आता पहिला प्रश्न. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून बरीच वर्षं पुण्यात काम करते, आणि परदेशी शिकणारी मुलं, त्यांचे इथले आईवडील, ऑफिसच्या कामाने सतत फिरणारी माणसं हा माझ्याकडे येणाऱ्यांतला मोठा वर्ग आहे. तुमच्यासारखी हकिकत नवी नाही. तुम्ही जे वर्णन केलंय तो फ्लोरेन्स स्टेशनवर आलेला पॅनिक अटॅक होता. एक अटॅक येणं म्हणजे पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे असे अटॅक वारंवार येण्याचा आजार, नव्हे. ‘नोमोफोबिया’, म्हणजे फोन जवळ नसण्याची भीती, हे नाव तुम्ही इंटरनेटवर वाचलं असेलच. ते २००८च्या सुमारास ब्रिटनमधल्या एका पाहणीतून निघालं आणि वर्तमानपत्रांनी उचलून धरलं. आजारांच्या अधिकृत याद्यांमध्ये, म्हणजे डीएसएम-५ किंवा आयसीडी-११मध्ये, ते नाही. तुम्हाला पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर होणारा मानसिक आजार, तोही झालेला नाही. त्या निदानासाठी जिवावर बेतलेला प्रसंग, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा घडलेली किंवा समोर ठाकलेली असावी लागते. तेव्हा कपाळावर कुठलीही चिठ्ठी चिकटवून घेऊ नका.

पण आजार नाही म्हणजे काही झालंच नाही, असं कुणी म्हणत असेल तर तेही खरं नाही. ‘फोनच तर गेला, जीव तर नाही ना गेला’ हे वाक्य परत आल्यावर तुम्हाला दहा जणांनी ऐकवलं असणार. बोलणारे विसरतात की आजच्या प्रवाशाचा फक्त फोन जात नाही. नकाशा जातो, हॉटेलचं बुकिंग, पुढच्या गाडीचं तिकीट जातं, बँकेचा ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिम जातं. आपण कोण आहोत हे सिद्ध करायचं साधनच जातं. रिसेप्शनवरच्या त्या कॉम्प्युटरने तुम्हाला तुमच्याच खात्यात शिरू दिलं नाही, तो क्षण तुम्ही पत्रात तीनदा लिहिलाय. चोरी एकदाच लिहिलीये. माझ्या अनुभवात हे बहुतेकांचं असंच असतं: वस्तू गेल्याच्या दुःखापेक्षा दारं एकामागून एक बंद होत गेल्याची भीती जास्त खोल रुतते.

हॉटेलचं नाव का आठवलं नाही, याचं तुम्हाला फार वैषम्य वाटतंय. ‘इतकी कशी मी बावळट’ असं लिहिलंय. यात दोन गोष्टी एकावर एक आल्या. एक, ते नाव तुम्ही कधी लक्षात ठेवलंच नव्हतं, कारण फोन ते ठेवत होता. डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात मांडलं की एकत्र राहणारी माणसं स्मरणशक्ती वाटून घेतात: विम्याच्या तारखा नवऱ्याकडे, नातेवाइकांचे वाढदिवस बायकोकडे, आणि दुसऱ्याकडे आहे ते आपण डोक्यात ठेवत नाही. आता या वाटणीत फोन आलाय आणि त्याच्याकडे सिंहाचा वाटा गेलाय. दुसरी गोष्ट, जे थोडंफार डोक्यात होतं तेही त्या क्षणी हाताशी आलं नसतं. तीव्र ताणात शरीरात जी रसायनं वाढतात ती आठवण वर खेचून आणण्याच्या कामात अडथळा आणतात. परीक्षेत पेपर हातात पडताच पाठ केलेलं उत्तर पुसलं जातं आणि हॉलबाहेर आल्यावर घडाघडा आठवतं, तसंच हे. काकांचा नंबर मात्र आठवला, कारण शाळेत असताना तो शेकडो वेळा फिरवला होता. आणि तो लगेच नाही, दुसऱ्या दिवशी झोप झाल्यावर, पोटात काही गेल्यावर आठवला, हेही लक्षात घ्या.

मुंग्यांचंही सांगते, कारण त्यांनीच तुम्हाला सगळ्यात जास्त घाबरवलं. भीती वाटली की श्वास भरभर आणि वरवर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे ओठ, बोटं बधिर होतात, डोकं हलकं होतं. माणसाला वाटतं हृदयाचं काहीतरी बिनसलं, की भीती वाढते, की श्वास आणखी भरभर. अटॅक काही मिनिटांत टोकाला जातो आणि आपोआप उतरतो. त्या वेळी ‘दीर्घ श्वास घ्या’ असं सगळे सांगतात. मी सांगते, श्वास सोडण्याकडे बघा. आत घेतलाय त्यापेक्षा जास्त वेळ लावून, फुंकर घातल्यासारखा सावकाश सोडा. आत ओढण्याच्या नादात माणूस आणखी जोरजोरात श्वास घेतो. (पन्नाशीपुढच्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाला पहिल्यांदाच असं झालं तर मात्र आधी डॉक्टर, मग बाकीचं.)

एक प्रयोग तुम्हाला सांगावासा वाटतो. २०१५मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठातल्या संशोधकांनी ४० आयफोनवाल्यांना शब्दकोडं सोडवायला बसवलं. मध्येच काहीतरी तांत्रिक कारण सांगून त्यांचा फोन दूर ठेवला आणि मग त्यावर रिंग वाजवली. फोन दिसतोय, वाजतोय, उचलता येत नाही. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढला, कोडं सोडवण्याची गती घटली. हे प्रयोगशाळेत, फोन डोळ्यांसमोर असताना, स्वतःच्या गावात. तुमचा फोन परमुलखात, अनोळखी भाषेत गेला होता.

पण माझ्या मते तुमच्या पत्रातली खरी दुखणाईत तुम्ही नाही, आई आहे. आणि तुमचं दुखणं चार महिने रेंगाळलंय त्याचा बराचसा धागा तिच्याकडून येतोय.

नीट बघा. तुम्हाला भीती वाटली, पण हाताला काम होतं. हॉटेल शोधायचं, पोलिसांत तक्रार द्यायची, कार्ड बंद करायचं, जेवायचं. तुम्ही लिहिलंय की पोलिस चौकीत अर्ज भरता भरता धडधड कमी झाली. ते होणारच होतं. पुढचं पाऊल दिसलं की भीतीला जागा कमी उरते. आईजवळ पुढचं पाऊलच नव्हतं. तिच्याजवळ होता व्हॉट्सॲपवरचा ‘पोचलीस का?’ आणि त्याखालची एकच करडी टिक. दुसरी टिक येते का बघायची, ‘लास्ट सीन’ बघायचं, परत ठेवायचं. तिकडे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे साडेअकरा. तुम्ही दमून झोपलात तेव्हा तिची अख्खी रात्र समोर उभी होती.

वाईट बातमीपेक्षा बातमी नसणं जास्त छळतं, हे घरोघरी माहीत असतं. त्याला प्रयोगाचाही आधार आहे. २०१६मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ४५ जणांना कॉम्प्युटरवर एक खेळ दिला: दगड उलटायचे, खाली साप निघाला तर हाताला विजेचा बारीक झटका. झटका नक्की बसणार हे माहीत असताना जेवढा ताण होता त्याहून जास्त ताण बसेल-न-बसेल अशी निम्मी शक्यता असताना होता. घाम, डोळ्यांच्या बाहुल्या, ताणाचा स्वतः दिलेला अंदाज, तिन्हींत. आईची ती अख्खी रात्र त्या निम्म्या शक्यतेवर गेली.

मग संध्याकाळी काकांनी फोन जोडून दिला आणि आईचं पहिलं वाक्य काय होतं? ‘तुला काही अक्कल आहे की नाही?’ तुम्ही हे फार दुखावून लिहिलंय. दीड दिवस एकटीने निभावलं आणि कौतुकाऐवजी शिव्या. याची उकल लहान मुलांच्या अभ्यासात सापडते. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ आपल्या प्रसिद्ध प्रयोगात आईला खोलीतून थोडा वेळ बाहेर पाठवत आणि मूल रडतं का याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, आई परतल्यावर मूल काय करतं ते टिपून घेत. काही मुलं आईला घट्ट बिलगायची आणि त्याच वेळी तिला मारायचीही. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी हा राग ताटातुटीच्या भीतीचंच दुसरं रूप मानला: पुन्हा असं सोडून जाऊ नकोस, हे सांगण्याची रीत. मोठ्यांचंही वेगळं नसतं. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत संपर्क परत जुळल्यावरचा पहिला फोन भांडणात संपला नाही, असं क्वचित ऐकायला मिळतं. त्या वाक्याचा हिशेब मनात मांडून ठेवू नका. पण आईशी त्यावर एकदा बोला मात्र. ‘तू तेव्हा ओरडलीस ते मला लागलं, आणि तू किती घाबरली होतीस ते मला आता कळतंय’, एवढं पुरे.

आमच्या आधीच्या पिढीतली माणसं इथे हमखास म्हणतात, आमच्या वेळी कुठे होते फोन? मुलगा अमेरिकेला गेला की पोहोचल्याचं पत्र यायला आठ-दहा दिवस लागायचे, ट्रंक कॉल लावून तासन् तास बसायचं, आणि कुणी वेडं झालं नाही. बरोबर आहे, पण त्यातून ‘हल्लीची पिढी नाजूक’ असा निष्कर्ष काढतात तो चुकीचा. तेव्हा दहा दिवसांची शांतता अपेक्षित होती. अकराव्या दिवशी पत्र आलं नाही की त्या आयाही पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून बसतच होत्या. आज अपेक्षा दर दोन तासांची आहे, म्हणून तिसऱ्या तासाला तीच अवस्था येते. शांतता किती वेळ टिकली यावर फारसं अवलंबून नसतं. किती वेळ टिकेल असं दोघांनी धरलं होतं, त्यावर असतं. आणि ही धरलेली वेळ बदलता येते. तुमच्या प्रश्नावरचा माझा सगळा भर याच एका गोष्टीवर आहे.

त्याआधी एक कानगोष्ट. तुम्ही लिहिलेली नाही, पण पुष्कळ जण खाली बघत सांगतात: दुसऱ्या दिवशी सकाळी कुठेतरी हलकं वाटलं होतं. कुणी विचारत नव्हतं, कुणाला फोटो पाठवायचे नव्हते, पूल ओलांडताना नुसतं पाणी बघितलं. आणि त्याच क्षणी घरचे तिकडे तळमळतायत हे आठवून स्वतःची लाज वाटली. असं काही झालं असेल तर त्यात अपराध नाही. भीती आणि मोकळेपणा एकाच दिवसात, एकाच माणसाला वाटू शकतात.

आता चार महिन्यांनंतरचं. फोन हाताला लागला नाही की धडधड होते. मग तुम्ही काय करता, हे तुम्ही बारकाईने लिहिलंय म्हणून बरं झालं. दोन पॉवर बँक, फोनला गळ्यातली दोरी, दर दहा मिनिटांनी बॅग चाचपणं, चार्ज ऐंशीच्या खाली गेला की प्लग शोधणं. आणि आईचं लाइव्ह लोकेशन. व्हॉट्सॲपवर ते एका वेळी जास्तीत जास्त आठ तास चालतं, म्हणून दर आठ तासांनी तिचा मेसेज, ‘संपलं, परत चालू कर’. तेही तुम्ही पुण्यात, हिंजवडीच्या ऑफिसात बसलेल्या असताना.

या सगळ्यांना आमच्या भाषेत सुरक्षावर्तनं म्हणतात. त्यांनी घटकाभर बरं वाटतं आणि भीती जिवंत राहते, कारण ‘चाचपलं म्हणून वाचले’ असं मेंदू शिकतो. चाचपलं नसतं तरी काही झालं नसतं, हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही. म्हणून तिकीट रद्द करू नका म्हटलं. न जाणं हे सगळ्यात मोठं सुरक्षावर्तन ठरेल, आणि पुढच्या वर्षी महाबळेश्वरही लांब वाटायला लागेल.

मग तयारी करायचीच नाही का? करायची. फरक सोपा आहे: निघण्यापूर्वी एकदा करून विसरून जायची ती तयारी, दर तासाला करावी लागते ती भीतीची चाकरी. तुमच्यासाठी तयारी अशी: तीन नंबर पाठ करा, देशाच्या कोडसकट, आणि पाठ म्हणजे आंघोळ करताना म्हणता येतील इतके. राहण्याच्या प्रत्येक ठिकाणाचं नाव-पत्ता कागदावर, तो कागद पासपोर्टजवळ न ठेवता वेगळ्या खिशात. ईमेलचे बॅकअप कोड छापून घ्या; त्या रात्री तेवढा एक कागद असता तर हॉटेलच्या कॉम्प्युटरवरून खातं उघडलं असतं. घरात पडलेला जुना फोन व्हॉट्सॲपला जोडून सामानात तळाशी ठेवा. मुख्य फोन बंद पडला तरी जोडलेलं उपकरण चौदा दिवसांपर्यंत चालतं, फक्त वायफाय हवं. दुसरं कार्ड दुसऱ्या बॅगेत. बास. पब्लिक फोनच्या भरवशावर राहू नका, युरोपात ते झपाट्याने गेलेत. जर्मनीत तर नोव्हेंबर २०२२मध्येच त्यात नाणी चालणं बंद झालं. आणीबाणीसाठी पोर्तुगालमध्येही आपल्यासारखाच ११२ आहे.

आणि सराव. मे महिन्याला वेळ आहे. आधी फोन घरी ठेवून अर्धा तास मंडईत जाऊन या. धडधड होईल, होऊ द्या, परत येऊ नका. ती स्वतःहून उतरते का ते बघा. रोज तेच, कंटाळा येईपर्यंत. मग फोन बंद करून बॅगेत तळाशी ठेवून लोणावळ्यापर्यंत लोकलने जाऊन या. रस्ता विचारायची वेळ आली तर माणसांना विचारा. मधल्या काळात दोरी जाऊ द्या, एक पॉवर बँक घरी राहू द्या. एकदम सगळं सोडायला मी सांगत नाही, पण दर आठवड्याला एक तरी.

आईचं लाइव्ह लोकेशन एका फटक्यात बंद केलंत तर घरात रामायण होईल. तिला समोर बसवून ठरवा, आणि लेखी ठरवा. पुण्यात असताना लोकेशन नाही. उशीर होणार असेल तर तुम्ही कळवायचं. प्रवासात दिवसातून एकच मेसेज, ठरलेल्या वेळी. लिस्बन मे महिन्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, तेव्हा तिकडच्या संध्याकाळी पाचला पाठवलात तर आईला रात्री साडेनऊला मिळेल, झोपण्याआधी. खरी मेख पुढे आहे: मेसेज आला नाही तर काय? बहुतेक कुटुंबं हे ठरवतच नाहीत, आणि मग त्या पोकळीत अपहरणापासून अपघातापर्यंत सगळं भरलं जातं. ठरवा, की दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत काहीही करायचं नाही. फोन गेला, चार्जर विसरला, नेट नाही, यांपैकी काहीतरी झालं असं दोघींनी धरायचं. दोननंतर आईने यादीतल्या हॉटेलला फोन करायचा, नंबर तिच्याजवळच्या कागदावर असेल. तिथे पत्ता लागला नाही तर तुमच्या एखाद्या जवळच्या मैत्रिणीला, आणि मगच लिस्बनच्या भारतीय दूतावासाला. अशाने आईच्या हाताला काम मिळतं आणि कामाची वेळही ठरलेली असते. रात्री अकराला तिने टिक बघत बसायचं कारण उरत नाही. डोंगरातल्या एकट्या ट्रेकला किंवा त्या भागात भूकंप-दंगल झाली तर ही मुदत अर्थातच कमी करायची.

आई पहिल्यांदा ‘हो’ म्हणेल आणि तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला मेसेज करेल. उत्तर द्या, पण साडेनऊच्याच वेळेला. बारालाच दिलंत तर करार त्याच दिवशी मोडला.

एक खटकलेली गोष्ट. तुम्ही लिहिलंय, मावशींकडे झोपेच्या गोळ्या आहेत, त्यातल्या दोन विमानासाठी घेऊ का. नका घेऊ. त्या गटातल्या गोळ्या भीती तात्पुरती दाबतात, डोकं मंद करतात, आणि परक्या स्टेशनवर मंद डोकं नको. औषधाची गरज आहे का हे मानसोपचारतज्ज्ञ तुम्हाला तपासून ठरवतील, मावशी नाही.

प्रत्यक्ष कुणाला तरी भेटायची वेळ कधी आली म्हणायची? फोनचा काहीच संबंध नसताना, बसल्याजागी अटॅक यायला लागले तर. पुढच्या अटॅकच्या धास्तीने तुम्ही लोकल, मॉल, ऑफिसच्या मीटिंगा टाळायला लागलात तर. झोप महिनाभर विस्कटलेली असेल, दारू किंवा गोळ्यांचा आधार लागत असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर ताबडतोब. आईच्या बाबतीतही तेच: तुम्ही शेजारच्या खोलीत असतानाही ती रात्री उठून फोन बघत असेल, तर तिलाच आधी घेऊन या. प्रत्यक्ष जाणं लगेच जमत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आईला सांगताना ‘तुला उपचार हवेत’ असं म्हणू नका, ‘मी चाललेय, तू सोबत चल’ असं म्हणा. माझ्याकडच्या निम्म्या आया अशाच आल्यात.